दोन नंबर गेटचा फितूर

सुरक्षा कंपन्यांना गुण देणाऱ्या त्या कार्यालयाची पाटी एका दारावर मावत नव्हती. "गरुडदृष्टी, सूक्ष्मबुद्धी, पाळतशास्त्राचे प्रणेते, संशयसम्राट, खाजगी सुरक्षा सेवांचे मुख्य मूल्यमापक आणि" एवढं लिहीपर्यंत दार संपलं. रंगारी हुशार होता. त्याने उरलेला मजकूर शेजारच्या दारावर लिहून टाकला. शेजारचं दार स्वच्छतागृहाचं होतं, त्यामुळे "गुन्हेगारांचा कर्दनकाळ" ही अक्षरं वाचत लोक आत शिरायचे आणि हात धुऊन बाहेर यायचे.

पाटीचा मजकूर अर्थातच खुद्द साहेबांचा. "यातलं एक अक्षर जरी कमी केलंस, तरी तो सत्याचा अपलाप होईल," असं त्यांनी धाकटीला बजावलं होतं. धाकटी म्हणजे त्यांची मदतनीस, शिवाय त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. वय वर्षं त्रेचाळीस, दोन मुलं तिच्यापेक्षा उंच झालेली, पण घरात ती धाकटी होती म्हणून कार्यालयातही धाकटीच राहिली. साहेबांना मात्र कार्यालयात "भाऊजी" म्हटलेलं खपत नसे.

"इथे नातीगोती नाहीत, धाकटे. इथे मी साहेब."

"मग मला धाकटी का म्हणता?"

"ते तुझं सांकेतिक नाव आहे."

यावर काय बोलणार? धाकटीने अकरा वर्षांपूर्वीच हात टेकले होते.

कार्यालयाचं काम साधं होतं. एखाद्या इमारतीच्या गेटवर कुठल्या तरी कंपनीचे रखवालदार असायचे. ते खरंच रखवाली करतात की नुसतेच उभे राहतात, हे बघायला साहेब तोतये पाठवायचे. कुणी प्लंबर बनून जायचं, कुणी कुरिअरवाला. रखवालदाराने अडवलं तर गुण, सोडलं तर भोपळा. शेवटी कंपनीला अ, ब किंवा क श्रेणी. अ मिळाली की पुढच्या वर्षीचं काम पक्कं. क मिळाली की गाशा गुंडाळायचा.

शिवाय तोतयाने जाता जाता रखवालदाराचा गणवेशही तपासायचा असे. त्यासाठी साहेबांनी स्वतःच्या प्रतिभेतून एक पद्धत काढली होती. तिचं नाव "शिरोपाद पद्धत". टोपी, शिट्टी, बिल्ला, खांदे, बटणं, पट्टा, हात, इस्त्री, मोजे, बूट. दहा मुद्दे, वरून खाली, अकरा सेकंदांत. रोज सकाळी कार्यालयातल्या लोखंडी कपाटाला टोपी घालून त्याच्यासमोर सगळ्यांकडून ही कवायत करून घेतली जायची. कपाटाला नेहमी दहापैकी एकच गुण मिळायचा. टोपीचा.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दोन नंबर गेटचं प्रकरण उपटलं.

ती एक सात मजली कचेऱ्यांची इमारत होती. एक नंबर गेट गाड्यांचं, दोन नंबर माणसांचं. रखवालीचं काम एका लहानशा कंपनीकडे होतं, सगळे मिळून अकरा रखवालदार. दोन नंबरवर दिवसपाळीला एक पन्नाशीचा उंच रखवालदार असायचा. आठ दिवसांत साहेबांनी त्याच्याकडे नऊ तोतये पाठवले. त्याने नऊच्या नऊ अडवले.

अडवले याचं कुणाला दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. कार्यालयाचे हिशेबनीस प्लंबर बनून हातात पाना घेऊन गेले, तेव्हा त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि हसून म्हणाला, "या, परीक्षेला आलात ना? बसा. सही कुठे करू?"

ड्रायव्हर कुरिअरवाला बनून गेला. "या, परीक्षेला आलात ना? बसा."

खुद्द साहेब डॉक्टर बनून गेले. दाढी चिकटवली होती, पांढरा कोट घातला होता, गळ्यात स्टेथोस्कोप होता. "या डॉक्टर, परीक्षेला आलात ना? बसा. आणि तेवढी दाढी दाबून घ्या, डावीकडून सुटतेय."

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांना कुणी ओळखलं नव्हतं. तसं वेष न बदलताही त्यांना फारसं कुणी ओळखत नसे, पण तो मुद्दा वेगळा.

"धाकटे," ते गरजले, "इथे पाणी मुरतंय! त्याला आधीच बातमी मिळतेय. ही कंपनी परीक्षेचा पेपर फोडून पास होतेय. आज पाचच्या आत अहवाल द्यायचाय. लबाडी कशी चालते ते सापडलं तर ठीकच. नाही सापडलं तर 'संशयास्पद' असा शेरा मारून सरळ क श्रेणी देतो."

"म्हणजे ती अकरा माणसं घरी बसणार?"

"न्याय आंधळा असतो, धाकटे."

"पण त्या बिचाऱ्याने तर सगळ्यांना अडवलंय!"

"तेच तर! कुठल्याही प्रामाणिक रखवालदाराला दहात दहा मिळत नाहीत. प्रामाणिक माणूस कुठे ना कुठे चुकतोच. माझंच बघ ना."

धाकटीने बघितलं. परीक्षेत नापास झाला म्हणून कुणाची नोकरी गेलेली तिने पाहिली होती. सगळे पेपर बरोबर सोडवले म्हणून जाणार असलेली ही पहिलीच.

*

तपास तसा आठवडाभर चालू होता, आणि साहेबांचा पहिला सिद्धान्त असा होता की फितूर कार्यालयातच आहे. तोतयांची यादी कोण टाइप करतं? धाकटी. झालं! त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, टेबलावरचा दिवा तिच्या तोंडावर सोडला आणि स्वतः अंधारात उभे राहायला गेले. दुपारचे बारा वाजले होते, त्यामुळे अंधार काही सापडेना. शेवटी ते पडद्यामागे उभे राहिले.

"सोमवारी सकाळी दहा वाजता तू कुठे होतीस?" पडदा म्हणाला.

"तुमच्यासमोर. तुमच्या दाढीला डिंक लावत होते."

"याला साक्षीदार?"

"तुम्ही."

पडदा बराच वेळ विचारात पडला. मग त्यातून आवाज आला, "साक्षीदार भरवशाचा आहे. सुटलीस."

तरीही खात्री करावी म्हणून त्यांनी पुढचे तीन तोतये धाकटीला न सांगता पाठवले. त्यातल्या दोघांना तर त्यांनी स्वतःलाही न सांगता पाठवलं, म्हणजे चिठ्ठ्या टाकून, डोळे मिटून. तिघेही गेटवर स्टुलावर बसून, सही घेऊन परत आले.

दुसरा सिद्धान्त वासाचा होता. "आपण सगळे एकाच साबणाने हात धुतो," साहेब म्हणाले. "कर्दनकाळाच्या खोलीत एकच साबण आहे. त्या रखवालदाराचं नाक कुत्र्यासारखं तिखट असणार. तो साबण ओळखतो!" मग साबण बदलण्यात आला. रखवालदाराने तोतया ओळखला. मग साबण बंद करण्यात आला. तरीही ओळखला. या काळात कार्यालयातले लोक एकमेकांपासून जरा लांबच बसायचे.

तिसरा सिद्धान्त खऱ्या कुत्र्याचा. दोन नंबर गेटसमोर एक तपकिरी कुत्रं दिवसभर झोपलेलं असायचं. साहेबांनी दोन दिवस समोरच्या बसथांब्यावर बसून त्याच्यावर पाळत ठेवली. निष्कर्ष असा निघाला की ते शेपटी डावीकडे हलवतं तेव्हा येणारा माणूस खरा असतो, आणि उजवीकडे हलवतं तेव्हा तोतया. "हा प्रशिक्षित हेर आहे," त्यांनी वहीत लिहिलं. तिसऱ्या दिवशी कुत्रं आलंच नाही. रखवालदाराने तरीही तोतया ओळखला, आणि वर, "आज आमचं कुत्रं दिसत नाही, तुम्हाला वाटेत कुठे दिसलं का?" असं त्यालाच विचारलं.

"हुशार आहे," साहेब दात ओठ खात म्हणाले. "कुत्र्याला सुट्टी देऊन आपली दिशाभूल करतोय."

आता शुक्रवार उजाडला होता. अहवालाची मुदत संध्याकाळी पाच. साहेबांनी शेवटचं अस्त्र बाहेर काढलं. हौशी नाटकात कामं करणारा एक नट होता. रडण्याची भूमिका करायला लागला की पहिल्या रांगेतले लोक त्याला रुमाल द्यायचे. त्याला त्यांनी कोटबीट चढवून इमारतीच्या पाचव्या मजल्यावरच्या एका कंपनीचा नवा संचालक बनवला, सकाळी कपाटासमोर शिरोपाद पद्धत तीनदा घोटून घेतली, आणि पाठवला. लांबून बघायला धाकटी.

नट गाडीतून उतरला. काय रुबाब! मान ताठ, चाल डौलदार. धाकटीला क्षणभर वाटलं, आपणच उठून याला सलाम ठोकावा. तो गेटपाशी पोहोचला. रखवालदाराने सलाम ठोकला, स्टूल पुढे केलं आणि म्हणाला, "या, परीक्षेला आलात ना?"

नट तिथेच स्टुलावर बसून रडू लागला. हे रडणं खरं होतं. धाकटीला रस्ता ओलांडून त्याला आणायला जावं लागलं.

*

गेटवर पोहोचेपर्यंत ती घामाघूम झाली. रखवालदाराने नटाला पाण्याची बाटली दिली होती आणि तो त्याची समजूत घालत होता, "अहो, छान केलंत तुम्ही. चाल तर अगदी संचालकाची. मी एक टाळी वाजवणार होतो."

धाकटीला बघून त्याने दुसरं स्टूल काढलं. ती बसली. कार्यालयाचा नियम होता की मूल्यमापकाने रखवालदाराशी कामाशिवाय एक अक्षर बोलू नये. अकरा वर्षं तिने तो पाळला होता. पण ऊन मरणाचं होतं, सावली त्याच्या छपराची होती, आणि पाच वाजता हा माणूस घरी बसणार होता.

"दादा," तिने विचारलं, "तुम्हाला कळतं तरी कसं?"

"काय?"

"हेच. परीक्षेला कोण आलंय ते."

"त्यात काय कळायचं?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "तुमची माणसं माझ्याकडे बघतात."

"म्हणजे?"

"म्हणजे बघतात. आधी टोपी, मग शिट्टी, मग बिल्ला, मग खाली खाली करत बुटांपर्यंत. सगळी एकाच चालीत. ते प्लंबर आले होते ना, ते तर पुटपुटत होते, 'मोजे, बूट, मोजे, बूट.'" तो हसला. "ताई, या गेटातून दिवसाला सहाशे माणसं जातात. कुणी फोनमध्ये बघतं, कुणी घड्याळात, कुणी लिफ्टकडे. माझ्याकडे कोण बघणार? अकरा वर्षांत माझ्याकडे बघतात ती फक्त तुमची माणसं. मग कळणार नाही तर काय?"

नटाचं रडणं थांबलं.

"मला बरं वाटतं हो," रखवालदार बटणावरची धूळ झटकत म्हणाला. "तुमची माणसं यायला लागल्यापासून मी बुटांना रोज दोनदा पॉलिश करतोय."

*

"फितूर सापडला," धाकटी कार्यालयात येऊन म्हणाली.

साहेब टेबलावर चढून छतातला पंखा तपासत होते. पंख्यात चोरून ऐकणारा माइक असावा, हा चौथा सिद्धान्त. "कोण? लवकर सांग!"

"शिरोपाद पद्धत."

तिने सगळं सांगितलं. साहेब टेबलावरून हळूहळू खाली आले, आधी खुर्चीवर, मग जमिनीवर. नऊ तोतये, अधिक नट, म्हणजे दहाच्या दहा माणसांना त्यांनी स्वतःच्या हातांनी पढवून, घोकून घेऊन, रखवालदाराकडे ओळख पटवून देण्यासाठी पाठवलं होतं. चेहरा पांढराफटक पडला. धाकटीला त्यांची कीवच आली. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. ते प्यायले, मिशी पुसली, आणि छाती पुन्हा फुगली.

"मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होतो? आतलाच माणूस आहे!"

"हो, तुम्हीच म्हणत होतात."

"बघ! गरुडाची नजर."

"मग आता अ श्रेणी ना, भाऊजी?"

"साहेब," ते म्हणाले. आणि मग त्यांनी जे विचारलं, ते ऐकून धाकटीने उघडलेली अहवालाची फाइल मिटली. कारण वीस वर्षांत पहिल्यांदाच साहेब बरोबर बोलले. "अगं, पण तो परीक्षकच तेवढे ओळखतो ना? बघणाऱ्याला अडवतो. न बघणारा चोर आला तर? चोर कशाला त्याचे मोजे बघेल? तो असाच फोनमध्ये तोंड घालून सहाशे माणसांतून आत निघून जाईल. तेव्हा हा गृहस्थ काय करतो, ते कुठे माहीत आहे आपल्याला?"

धाकटीने घड्याळात बघितलं. दोन वाजून गेले होते.

"शेवटची परीक्षा," साहेबांनी जाहीर केलं. "मी स्वतः जाणार. आणि त्याच्याकडे मुळीच बघणार नाही."

हे म्हणणं सोपं होतं. वीस वर्षांची सवय अशी सुटते होय? कपाटासमोरून न बघता जायचा सराव सुरू झाला. पहिल्या खेपेला डोळे टोपीकडे गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी मान वळवली, तर डोळे मानेला न जुमानता कपाटाकडेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटले आणि थेट कर्दनकाळाच्या खोलीत जाऊन पोहोचले, तिथून आतल्या माणसाचा आरडाओरडा ऐकू आला. शेवटी धाकटीनेच उपाय काढला. तिने त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. आता साहेबांना टोपी आणि बूट यातला फरकच कळेना, आणि बघायचा प्रश्नच मिटला.

"कपाट कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ज्याच्याशी बोलताय तेच."

ओळखपत्र, चष्मा आणि अहवालाची फाइल धाकटीकडे ठेवून, साधा शर्ट घालून, हातात फोन धरून साहेब निघाले.

*

साडेतीनला चहाची सुट्टी संपून माणसांचा लोंढा दोन नंबर गेटाकडे परत यायचा. धाकटी समोरच्या बसथांब्यावर उभी राहिली. साहेब लोंढ्यात शिरले. पुढे एक जाडा गृहस्थ, मागे तीन हसणाऱ्या मुली, मध्ये फोनमध्ये नाक खुपसलेले साहेब. काही म्हणजे काही वेगळं दिसत नव्हतं. जाडा गृहस्थ आत गेला. साहेबांचा पाय उंबऱ्यावर पडला.

"ओ काका, कुठे?"

लोंढा दोन्ही बाजूंनी वाहत राहिला आणि रखवालदाराचा हात साहेबांच्या छातीसमोर आडवा राहिला. त्याने ना "या" म्हटलं, ना परीक्षेचं नाव काढलं, ना स्टूल सरकवलं. धाकटीने देवाचे आभार मानले आणि लगेच स्वतःला दटावलं, कारण परीक्षकाने कुणाच्या बाजूचं असू नये.

तिचा फोन वाजला. साहेब ठरल्याप्रमाणे दुसरा डाव टाकत होते.

"बोल रे भावा! तिसऱ्या मजल्यावरून बोलतोयस ना? हे मला आत सोडत नाहीत. जरा सांग यांना."

फोनवर रखवालदाराचा आवाज आला. "नमस्कार साहेब. हे तुमचे भाऊ का?"

धाकटीला आता मनापासून खोटं बोलणं भाग होतं. अर्धवट खोटं बोलली असती, तर खरं म्हणजे त्याचंच नुकसान झालं असतं. उद्या कुणीही म्हणालं असतं की त्याला सोपा पेपर दिला. तिने गळा आवळून, घशाच्या तळातून, आयुष्यातला सर्वांत जाड आवाज काढला. "हो! माझा सख्खा भाऊ आहे. फार महत्त्वाचं काम आहे. वर सोडा, नाहीतर वरिष्ठांकडे तक्रार करीन तुमची!"

बसथांब्यावरच्या एका आजोबांनी तिच्याकडे बघून जागा बदलली.

धाकटीने फोन कानाला घट्ट दाबला.

"तक्रार जरूर करा साहेब," रखवालदार शांतपणे म्हणाला. "पण आधी खाली या आणि भावाला सही करून घेऊन जा. आणि तिसऱ्या मजल्यावर मी सगळ्यांना ओळखतो. तुमचा आवाज नवा वाटतोय. घसा बसलाय का?"

फोन ठेवून धाकटीने रस्त्यातच उडी मारली. आजोबा पुढच्या थांब्यावर निघून गेले.

*

आता खरं तर काम संपलं होतं. पण अहवाल द्यायचा होता त्याच इमारतीच्या सातव्या मजल्यावरच्या व्यवस्थापिकेला. साहेब विजयी मुद्रेने रखवालदाराला म्हणाले, "शाब्बास! पास झालात. आता सोडा मला वर."

"कुठे?"

"अहो, मी मुख्य मूल्यमापक!"

"असाल. ओळखपत्र?"

ओळखपत्र समोरच्या बसथांब्यावर होतं, आणि साहेबांना बसथांबा दिसत नव्हता. "मी परवा डॉक्टर बनून आलो होतो!"

"ते परीक्षेला आले होते," रखवालदार म्हणाला. "ते माझ्याकडे बघत होते. तुम्ही तर त्या खांबाशी बोलताय."

धाकटीला लगेच रस्ता ओलांडायचा होता, पण फाइलमध्ये श्रेणीचं पान कोरं होतं. तिने थांब्यावरच बसून ते भरायला घेतलं. दहा तोतये, प्रत्येकाची हकीकत, शेवटच्या परीक्षेचा तपशील, सगळं नीट लिहिलं. घाईत एखादी रेघ चुकली असती तर त्यावर बोट ठेवायला लोक टपलेलेच असतात. ती लिहीत होती तोवर साहेब गेटवर उभे राहून खांबाला, आणि खांबाआडून रखवालदाराला, स्वतःच्या कारकिर्दीतल्या निवडक प्रकरणांची माहिती देत होते. पाचला वीस मिनिटं कमी असताना ती पोहोचली, तेव्हा साहेब चौदाव्या प्रकरणावर होते आणि रखवालदार स्टुलावर बसून मन लावून ऐकत होता.

धाकटीने आपलं ओळखपत्र दाखवलं, रजिस्टरात सही केली आणि साहेबांच्या नाकावर चष्मा चढवला. साहेबांनी डोळे मिचकावले. समोर, हातभर अंतरावर, रखवालदाराचा चेहरा होता. ते त्याच्याकडे टक लावून बघत राहिले.

"तुम्हाला मिशा आहेत?"

"पहिल्यापासून आहेत, साहेब. बावीस वर्षं झाली."

साहेबांनी मनातल्या मनात दहाही मुद्दे तपासले असावेत, टोपीपासून बुटांपर्यंत. त्यात चेहरा कुठेच नव्हता.

"यांना ओळखता का, ताई?" रखवालदाराने धाकटीला विचारलं. "आत सोडायचं का?"

धाकटीने साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तोंडओळख आहे," ती म्हणाली. "पण राहू द्या बाहेरच. मीच जाऊन येते."

*

सातव्या मजल्यावर व्यवस्थापिकेने अहवाल वाचला, दोनदा वाचला, आणि अ श्रेणीखाली सही केली. अकरा जणांचं पुढचं वर्ष पक्कं झालं. धाकटी लिफ्टची वाट न बघता जिन्याने उड्या मारत खाली आली. नियमाप्रमाणे निकाल रखवालदाराला सांगायचा नव्हता, पण आज एक नियम मोडलाच होता, दुसऱ्याला काय होतंय?

"अ!" ती म्हणाली.

रखवालदाराने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तोंडभर हसला. "बाकीच्या दहांना कळवतो आत्ताच. एकाच्या घरी तर गेल्या आठवड्यापासून कुणी नीट जेवत नव्हतं." त्याने फोन काढला, मग हातातच धरून ठेवला. "ताई, मग आता तुमची माणसं परत कधी येणार?"

"वर्षाने. अ श्रेणीवाल्यांकडे वर्षातून एकदाच जातो आम्ही. क श्रेणीवाल्यांकडे दर महिन्याला."

"वर्षाने?"

"हो."

पाच वाजले. आतून माणसांचा लोंढा बाहेर पडू लागला. फोनमध्ये बघत, घड्याळात बघत, एकमेकांशी बोलत माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जाऊ लागली. तो पॉलिश केलेले बूट जुळवून ताठ उभा राहिला.

"मग ताई," त्याने तिच्याकडे न बघता, हळूच विचारलं, "क देता येईल का?"

धाकटी हसली. तोही हसला. पण त्याने विचारलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"नाही हो, दादा," ती म्हणाली. "पण मी रोज संध्याकाळी इथूनच जाते. समोरच्या थांब्यावरून माझी बस आहे ना. बघत जाईन तुमच्याकडे."

"अगं, पण तुझी बस तर आपल्या कार्यालयाच्या दारातून सुटते," चष्मा पुसत साहेब म्हणाले.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "गप्प बसा."